शिशाचा धूर

न्यू जर्सी राज्यातल्या डीपवॉटर या गावी ड्यू पॉन्ट कंपनीचा एक कारखाना होता. १९२० च्या दशकात त्यातल्या एका इमारतीला कामगारांनी 'फुलपाखरांचे घर' असे नाव पाडले होते. तिथे काम करणारा माणूस मध्येच थांबे, हवेत हात मारू लागे, अंगावरचे नसलेले किडे झटकू लागे. काही दिवसांनी झोप उडे, भूक जाई, मग वेडाचा झटका येई. काहींना बांधून रुग्णालयात न्यावे लागले, आणि काही परत आले नाहीत. त्या इमारतीत टेट्राएथिल लेड नावाचे एक तेलकट द्रव तयार होत असे. त्यातले शिसे कातडीतून शरीरात जाई, श्वासातूनही जाई आणि मेंदूपर्यंत पोचे. हे द्रव पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी बनवले जात होते.

पुढची कित्येक दशके जगातल्या बहुतेक मोटारी हेच मिश्रण जाळत धावल्या. मुंबईतल्या टॅक्सी, पुण्यातल्या स्कूटरी, नागपूरच्या रिक्षा, सगळ्याच. भारतातून ते पूर्णपणे गेले १ फेब्रुवारी २००० रोजी. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या, शहरात वाढलेल्या कोणाही मराठी माणसाचे बालपण या धुरात गेले आहे. म्हणून ओहायोतल्या एका प्रयोगशाळेत सुरू झालेली ही गोष्ट आपलीही आहे.

तिची सुरुवात एका साध्या यांत्रिक अडचणीतून झाली. चढावर किंवा जड ओझ्याखाली पेट्रोलचे इंजिन ठोकायला लागे. सिलिंडरमधले इंधन वेळेआधीच भडकून धक्के बसत, शक्ती वाया जाई आणि इंजिनाची झीज होई. मेकॅनिक लोक आजही याला 'नॉकिंग' म्हणतात. जनरल मोटर्सच्या डेटन इथल्या प्रयोगशाळेचे प्रमुख चार्ल्स केटरिंग यांनी हा प्रश्न थॉमस मिज्ली या तरुण अभियंत्याकडे सोपवला. मिज्लीने असंख्य पदार्थ इंधनात मिसळून पाहिले. ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेडची पाळी आली आणि इंजिनाची ठोकाठोक थांबली. गॅलनभर पेट्रोलला काही ग्रॅम पुरत होते.

या क्षणापाशी थोडे थांबायला हवे. नॉकिंग थांबवणारा दुसरा पदार्थ त्या वेळी ठाऊक होता, आणि तो म्हणजे अल्कोहोल. मका, ऊस, बटाटे, कशापासूनही बनणारे इथेनॉल. मिज्लीने स्वतः अल्कोहोलमिश्रित इंधनावर गाडी चालवून दाखवली होती आणि त्याचे गुणही सांगितले होते. पण अल्कोहोल कोणीही गाळू शकत होता. त्यावर एका कंपनीचा हक्क राहणे कठीण होते, शिवाय पेट्रोलमध्ये ते मोठ्या प्रमाणात मिसळावे लागे, म्हणजे तेल कंपन्यांची तेवढी विक्री कमी. शिशाच्या संयुगाचे तसे नव्हते. ते थोडे लागे, स्वस्त पडे आणि त्याच्या वापराचे पेटंट घेता येई. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या आसवन्यांमधून आज जे इथेनॉल पेट्रोलमध्ये जाते, ते इंजिनासाठी हेच काम करते. स्वतंत्र भारताने तर १९४८ सालीच पॉवर अल्कोहोलचा कायदा केला होता. दुसरा रस्ता नव्हता, असे म्हणायला जागा उरत नाही.

शिसे विषारी आहे, हेही काही नव्याने कळायचे नव्हते. शिशाच्या नळांतले पाणी पिऊ नये, असे रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवले होते. रंगारी, छपाईचे खिळे जुळवणारे, शिसे वितळवणारे यांचे हात लुळे पडतात, पोटात कळा येतात, हे डॉक्टर शतकानुशतके पाहत आले होते. पेट्रोलमध्ये शिसे घालण्याचा बेत कळताच १९२२ सालीच अमेरिकेतल्या आरोग्य अधिकाऱ्यांनी विचारणा केली होती. तरीही २ फेब्रुवारी १९२३ रोजी डेटनमधल्या एका पंपावर हे पेट्रोल विकायला आले. पुढच्या वर्षी जनरल मोटर्स आणि स्टँडर्ड ऑइल ऑफ न्यू जर्सी यांनी मिळून त्यासाठी एक कंपनी काढली आणि नाव ठेवले एथिल. त्या नावात शिशाचा उल्लेख कुठेही नव्हता.

ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या स्टँडर्ड ऑइलच्या कारखान्यात काही दिवसांच्या आत पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले आणि तीसहून अधिक जण आजारी पडले. न्यूयॉर्कची वर्तमानपत्रे या बातम्यांनी भरून गेली. डेटन, डीपवॉटर आणि बेवे मिळून मृतांचा आकडा किमान पंधरावर गेला. न्यूयॉर्क शहर, न्यू जर्सी, फिलाडेल्फिया इथे विक्रीवर बंदी आली. ३० ऑक्टोबरला कंपनीने वार्ताहरांना बोलावले. त्यांच्यासमोर मिज्लीने टेट्राएथिल लेड हातांवर ओतून घेतले, मग मिनिटभर त्याची वाफ हुंगली आणि रोज असे केले तरी काही होणार नाही, असे सांगितले. १९२३ च्या सुरुवातीलाच शिशाच्या विषबाधेमुळे त्याला काम सोडून फ्लोरिडाला विश्रांतीसाठी जावे लागले होते, हे त्या वार्ताहरांना कोणी सांगितले नाही.

मे १९२५ मध्ये अमेरिकेचे सर्जन जनरल ह्यू कमिंग यांनी वॉशिंग्टनला परिषद बोलावली. कंपनीने तोपर्यंत विक्री स्वतःहून थांबवली होती. पुढच्या सगळ्या इतिहासाचे वळण त्या एका दिवसात ठरले असे म्हणता येईल, इतकी ती परिषद महत्त्वाची होती. कंपनीच्या बाजूने फ्रँक हॉवर्ड यांनी हे मिश्रण म्हणजे ईश्वराची देणगी असल्याचे सांगितले. भीतीपोटी अशी देणगी नाकारायची का, असा त्यांचा सवाल होता. समोर येल विद्यापीठाचे शरीरशास्त्रज्ञ यँडेल हेंडरसन होते. त्यांचा इशारा नेमका होता. हा रोग धक्का देऊन येणार नाही, इतका हळूहळू येईल की लोकांच्या आणि सरकारच्या लक्षात येईपर्यंत शिसेयुक्त पेट्रोल सगळीकडे पसरलेले असेल.

आणि होत्या ॲलिस हॅमिल्टन. १९१९ साली हार्वर्ड विद्यापीठात प्राध्यापकवर्गात आलेली ही पहिली स्त्री. शिकागोच्या गरीब वस्तीत राहून, इलिनॉयमधले शिशाचे कारखाने पायी फिरून, कामगारांच्या घरी जाऊन त्यांनी व्यवसायजन्य आजारांचा अभ्यास केला होता. शिसे जिथे वापरले जाते तिथे कितीही काटेकोर देखरेख ठेवा, कधी ना कधी विषबाधा होतेच, हा त्यांचा अनुभव होता. कारखान्याच्या चार भिंतींत जर हे आवरत नसेल तर रस्त्यावर कोण आवरणार? त्यांनी दुसरा पदार्थ शोधा, असा आग्रह धरला.

त्यांचे ऐकले गेले नाही. सात तज्ज्ञांची समिती नेमली गेली. तिने ओहायोत अडीचशेच्या आसपास वाहनचालक आणि गॅरेजमधले कामगार तपासले आणि जानेवारी १९२६ मध्ये कळवले की बंदी घालण्यासारखा आधार आज तरी दिसत नाही. त्याच अहवालात असेही लिहिले होते की वापर वाढला तर दीर्घकाळाने होणारे परिणाम वेगळे असू शकतात, म्हणून अभ्यास पुढे चालू ठेवावा. तो चालू राहिला, पण सरकारकडून नाही. तो कंपन्यांच्या पैशावर, सिनसिनाटी विद्यापीठातल्या केटरिंग प्रयोगशाळेत, रॉबर्ट केहो या डॉक्टरच्या हाताखाली चालला. पुढची चाळीस वर्षे शिशाबद्दल अमेरिकेत, आणि तिच्या मागोमाग जगात, जे मानले गेले त्यातले बरेचसे केहो यांनी सांगितलेले होते.

केहो यांचे म्हणणे असे, की शिसे निसर्गातच आहे, ते माणसाच्या शरीरात नेहमीच होते, शरीर ते बाहेर टाकते, आणि रक्तात एका मर्यादेच्या खाली असेल तर अपाय होत नाही. ती मर्यादा त्यांनी ८० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर धरली. आज अमेरिकेत ३.५ हा आकडा दिसला तरी मुलाच्या घरी चौकशी होते. शिसे माणसात नैसर्गिकच असते हे दाखवण्यासाठी केहो मेक्सिकोतल्या मोटारी नसलेल्या एका खेड्यात गेले. तिथल्या लोकांच्या शरीरातही शिसे सापडले. पण ते लोक शिशाच्या झिलईच्या मातीच्या भांड्यांत रांधत आणि जेवत होते.

आकड्यांपेक्षा मोठी गोष्ट केहो यांनी रुजवली ती पुराव्याची. अपाय होतो असे म्हणणाऱ्याने तो दाखवून द्यावा, तोवर विक्री चालू राहील. अपाय मोजण्याची साधने, प्रयोगशाळा आणि पैसा मात्र जवळजवळ सगळा एकाच बाजूकडे होता. ज्यांच्या नाकातोंडात धूर जात होता, त्यांच्यावर आपण आजारी आहोत हे सिद्ध करण्याचे ओझे टाकले गेले. हाच नियम उलटा असता, म्हणजे विकणाऱ्याने आधी निर्धोकपणा सिद्ध करायचा असता, तर शिसे डेटनच्या पंपावरच थांबले असते.

इंजिनात हे द्रव जळले की शिसे मोकळे होते. ते आत साचून स्पार्क प्लग आणि व्हॉल्व्ह खराब करू नये म्हणून पेट्रोलमध्ये ब्रोमीन आणि क्लोरीनची संयुगे घालत. त्यांच्याशी जुळून शिसे क्षाररूपाने सायलेन्सरमधून बाहेर पडे. इंजिन स्वच्छ राही आणि ते विष रस्त्यावर येई. जळालेल्या पेट्रोलमधल्या शिशाचा बहुतांश भाग असा हवेत जात होता. त्यातले अतिसूक्ष्म कण श्वासातून थेट फुप्फुसात उतरत. जड कण रस्त्याकडेच्या मातीत, खिडकीच्या चौकटीवर, वाळत घातलेल्या धान्यावर, अंगणात बसत. शिसे कुजत नाही, त्याचे विघटन होत नाही. रांगणारे मूल हात जमिनीवर टेकते आणि मग तोंडात घालते. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाचे शरीर साधारण दहावा हिस्सा शोषते, लहान मूल मात्र जवळजवळ निम्मे. कॅल्शियमच्या वाटेने ते आत शिरते आणि मेंदूतल्या पेशी एकमेकींशी जोडल्या जात असतात त्याच काळात त्या जोडणीत अडथळा आणते. उरलेले हाडांत जाऊन बसते आणि तिथे दशकानुदशके राहते.

हा सगळा हिशेब ज्याने उघडा केला तो माणूस डॉक्टर नव्हता आणि शिशाच्या विषबाधेशी त्याचा काही संबंधही नव्हता. आयोवात जन्मलेला क्लेअर पॅटरसन हा भूरसायनशास्त्रज्ञ पृथ्वीचे वय काढत होता. युरेनियमचे विघटन होत होत शेवटी शिसे उरते, तेव्हा उल्केतल्या शिशाचे समस्थानिक मोजले की वय निघेल, असा विचार होता. पण मोजमाप जमेना. नमुन्यात जितके असायला हवे त्याच्या कितीतरी पट शिसे सापडे, आणि दर वेळी वेगळे. पॅटरसनने शोधत शोधत जाऊन पाहिले तर ते सर्वत्र होते. हवेत, नळाच्या पाण्यात, काचेच्या भांड्यांत, स्वतःच्या केसांत आणि कपड्यांवर. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत त्याने एक अशी खोली बांधली की जिच्यात गाळलेली हवा दाबाने सोडली जाई, भांडी आम्लाने पुन्हा पुन्हा धुतली जात, आत जाणारा डोक्यापासून पायापर्यंत झाकलेला असे. मग त्याने पृथ्वीचे वय काढले. सुमारे ४५५ कोटी वर्षे. १९५६ साली प्रसिद्ध झालेला हा आकडा आजही टिकून आहे.

एवढे यश पदरी पडल्यावर कोणीही त्याच विषयात पुढे गेले असते. पॅटरसन मात्र त्या त्रास देणाऱ्या शिशाच्या मागे लागला. समुद्राच्या खोल पाण्यात शिसे कमी आणि पृष्ठभागावर कितीतरी जास्त, हे त्याला दिसले. म्हणजे ते अलीकडेच वरून, हवेतून पडत होते. १९६५ साली त्याने एक लेख लिहून मांडले की अमेरिकन माणसाच्या शरीरातले शिसे 'नैसर्गिक' नाही, ते निसर्गतः असायला हवे त्याच्या कितीतरी पट आहे. केहो ज्याला सामान्य पातळी म्हणत होते ती साऱ्या समाजाला झालेल्या विषबाधेची पातळी होती. त्याचे संशोधन तोवर अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या पैशावरही चालत होते. तो निधी बंद झाला. १९६६ साली अमेरिकी सिनेटच्या उपसमितीसमोर केहो आणि पॅटरसन दोघांच्याही साक्षी झाल्या. १९७१ साली हवेतल्या शिशावर राष्ट्रीय पातळीवर तज्ज्ञ मंडळ नेमले गेले, तेव्हा जगात त्या विषयाचे सर्वांत अचूक मोजमाप करणाऱ्या या माणसाला त्यात घेतलेच नाही.

त्याने थंड प्रदेशातून पुरावा आणला. ग्रीनलंडच्या बर्फाचे थर वर्षागणिक साचत जातात. ते खोदून काढून, बाहेरचा भाग छिलून आतल्या गाभ्यातले शिसे त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मोजले. ख्रिस्तपूर्व ८०० ते १९६५ या काळात बर्फातले शिसे सुमारे दोनशे पट वाढले होते आणि १९४० नंतर ती चढण अतिशय खडी झाली होती. जिथे एकही रस्ता नाही तिथे मोटारींचा धूर पोचला होता. पुढे पेरूमधल्या प्राचीन सांगाड्यांची हाडे तपासली गेली, आणि त्यांच्या तुलनेत आजच्या माणसाच्या हाडांत शिसे शेकडो पट भरले. पॅटरसनचे नाव पृथ्वीच्या वयासाठी पाठ्यपुस्तकांत येते. त्याने मुलांसाठी जे केले, ते अजून पुरेसे सांगितले गेलेले नाही.

मुलांच्या मेंदूवरचा परिणाम दाखवायला आणखी एक साधा पुरावा लागला, तो म्हणजे दुधाचे दात. रक्तातले शिसे आजकालचा संपर्क दाखवते, दातातले मात्र बालपणाचा साठा. हर्बर्ट नीडलमन या बालरोग आणि मानसोपचार तज्ज्ञाने मॅसॅच्युसेट्समधल्या चेल्सी आणि सॉमरव्हिल इथल्या शाळकरी मुलांचे पडलेले दात गोळा केले. १९७९ साली त्याने दाखवले की ज्यांच्या दातांत शिसे जास्त, त्यांची बुद्ध्यंक चाचणीतली कामगिरी कमी, आणि कोणाच्या दातात किती शिसे हे ठाऊक नसलेल्या शिक्षिकांनीही त्याच मुलांची लक्ष न लागणे, सूचना पाळता न येणे ही लक्षणे नोंदवली होती. या मुलांपैकी कोणीही 'आजारी' नव्हते. ती शाळेत जात होती, खेळत होती. उद्योगाशी संबंधित तज्ज्ञांनी पुढे नीडलमनवर गैरप्रकाराचे आरोप केले, चौकश्या बसवल्या. त्यांतून तो सुटला.

अमेरिकेत शिसे जाण्याला आणखी एक कारण झाले, आणि ते यंत्राचे होते. धुरातले कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन कमी करण्यासाठी १९७५ च्या मॉडेलपासून गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसू लागले. त्यातल्या प्लॅटिनमवर शिशाचा थर बसला की ते निकामी होते. म्हणून पंपांवर शिसेविरहित पेट्रोल ठेवणे भाग पडले. पन्नास वर्षे मुलांच्या मेंदूसाठी जे करता आले नाही ते प्लॅटिनमसाठी करावे लागले, याचे दुःख वाटल्यावाचून राहत नाही. १९७६ ते १९८० या काळात अमेरिकेत झालेल्या आरोग्य सर्वेक्षणात पेट्रोलमधले शिसे जसजसे घटत गेले तसतसे लोकांच्या रक्तातले शिसे सरासरी ३७ टक्क्यांनी उतरलेले दिसले. दोन्ही रेषा बरोबरीने खाली आल्या. यानंतर केहो यांच्या युक्तिवादाला काही आधार उरला नाही. १९९६ साली तिथे रस्त्यावरच्या वाहनांसाठी पूर्ण बंदी आली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने अंदाज मांडला की या पेट्रोलमुळे अमेरिकनांनी एकत्रितपणे सुमारे ८२ कोटी ४० लाख बुद्ध्यंक गुण गमावले.

भारतात १९९४ पर्यंत एका लिटर पेट्रोलमध्ये ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसे असू शकत होते. इकडे मोटारी अमेरिकेपेक्षा खूपच कमी, म्हणून धोका कमी, असा एक समज होता. पण इथे माणसे रस्त्यावर राहतात. मुंबईत दादर, लालबाग, कुर्ल्याच्या वाहत्या रस्त्याला लागून चाळी आहेत, पदपथावर मूल झोपते, भाजी विकली जाते, वडे तळले जातात, शाळेचे फाटक सिग्नलवर उघडते. मुलांच्या जेवणात लोह आणि कॅल्शियम कमी असले की आतडे शिसे अधिक शोषते. म्हणजे तेवढ्याच धुरात गरिबाच्या मुलाच्या वाट्याला विष जास्त येते.

मुंबईत हे मोजले गेले होते, आणि त्याचे श्रेय तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांना आहे. १९८० च्या दशकापासून ते शहराच्या हवेतले आणि रहिवाशांच्या रक्तातले शिसे मोजत होते. शहराच्या निरनिराळ्या भागांतल्या शाळकरी मुलांच्या तपासणीतून त्यांनी दाखवले की हवेतले शिसे घनमीटरमागे १ मायक्रोग्रॅमने वाढले तर मुलांच्या रक्तातले शिसे डेसिलिटरमागे ३.६ मायक्रोग्रॅमने वाढते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस जॉर्ज फाउंडेशनने मुंबईसह सहा महानगरांत तपासणी केली, तेव्हा बारा वर्षांखालच्या निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसे निघाले.

बदल घडला तो मुख्यतः न्यायालयाच्या रेट्याने. वकील एम. सी. मेहता यांनी दिल्लीच्या हवेसाठी १९८५ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. तिच्या सुनावण्यांतून एकेक तारीख ठरत गेली. जून १९९४ मध्ये मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई इथे शिशाचे प्रमाण ०.१५ ग्रॅमवर आले. १ एप्रिल १९९५ पासून या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचे झाले आणि त्यांच्यासाठी 'अनलेडेड'चे वेगळे पंप आले. मुंबईहून नवी गाडी घेऊन गावी निघालेल्या माणसाला तेव्हा वाटेत हे पेट्रोल मिळेल का, याची चौकशी करूनच निघावे लागे. साध्या पेट्रोलने टाकी भरली की महागडे कन्व्हर्टर खराब. १९९७ मध्ये ०.१५ ची मर्यादा देशभर लागू झाली, सप्टेंबर १९९८ मध्ये दिल्लीतून शिसे गेले आणि फेब्रुवारी २००० मध्ये साऱ्या देशातून.

जपानने हे पंचवीस वर्षे आधी सुरू केले होते. टोकियोच्या उशिगोमे यानागिचो या गजबजलेल्या चौकातल्या रहिवाशांच्या रक्तात शिसे वाढल्याची ओरड १९७० साली झाली आणि १९७५ मध्ये तिथले साधे पेट्रोल शिसेविरहित झाले. त्या पंचवीस वर्षांत जन्मलेली मुंबईतली, पुण्यातली मुले मोजली तर ती संख्या छातीत धडकी भरवणारी आहे.

शिसे काढले की ऑक्टेन, म्हणजे इंधनाची नॉकिंग टाळण्याची क्षमता, दुसऱ्या कशाने तरी वाढवावी लागते. शुद्धीकरण कारखान्यांनी बेन्झीनसारखी सुगंधी हायड्रोकार्बने वाढवली. बेन्झीन रक्ताचा कर्करोग करते, हे पक्के ठरलेले आहे. कन्व्हर्टर असलेल्या गाडीत ते बरेचसे जळून जाते, पण नव्वदच्या दशकातल्या भारतात बहुसंख्य वाहने कन्व्हर्टर नसलेली, त्यात टू-स्ट्रोक स्कूटरी आणि रिक्षा ढीगभर. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने यावर तेव्हाच बोट ठेवले. एकेकाळी पेट्रोलमध्ये ५ टक्क्यांपर्यंत बेन्झीन चालत होते, पुढे मर्यादा १ टक्क्यावर आणावी लागली. मुंबईत धुराने त्रासलेल्या नागरिकांच्या 'स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम'ने उच्च न्यायालयात दाद मागितली. डिसेंबर १९९९ मध्ये न्यायालयाने परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि त्यातून जुन्या टॅक्सी सीएनजीवर नेण्याची दिशा ठरली. या गाड्या दिवसभर चालवणाऱ्या टॅक्सीवाल्यांच्या छातीलाही त्याचा फायदा झाला. पंपावर बारा-बारा तास नोझल धरून उभ्या असणाऱ्या मुलांचा विचार मात्र कोणी फारसा केला नाही. टाकी भरताना उठणारी वाफ तोंडाशीच असते, आणि तिच्यात बेन्झीन असते.

श्रीमंत देशांतून मागणी संपली तरी टेट्राएथिल लेड बनवणारे थांबले नाहीत, ते गरीब देशांकडे वळले. ब्रिटनमधल्या एलस्मीअर पोर्ट इथे ते बनवणाऱ्या इनोस्पेक कंपनीने इराक आणि इंडोनेशियातल्या अधिकाऱ्यांना लाच दिल्याची कबुली २०१० साली न्यायालयात दिली. ती लाच आपला माल त्या देशांत चालू राहावा म्हणून होती. जगातला शेवटचा पंप बंद झाला तो अल्जीरियात, जुलै २०२१ मध्ये. म्हणजे डेटनच्या पहिल्या विक्रीनंतर ९८ वर्षांनी. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार या बंदीमुळे दर वर्षी १२ लाखांहून अधिक अकाली मृत्यू टळतात. लहान विमानांच्या पेट्रोलमध्ये शिसे आजही आहे.

हवेतून गेलेले शिसे हाडांतून गेलेले नाही. गरोदरपणात आणि पाळी जाण्याच्या वयात स्त्रीच्या हाडांतले कॅल्शियम रक्तात उतरते, आणि त्याबरोबर तिच्या लहानपणीचे शिसेही. नव्या पिढीला ते इतर वाटांनीही भेटते. गल्लीत फोडल्या जाणाऱ्या जुन्या बॅटऱ्या, भेसळीची हळद, स्वस्त रंग, ॲल्युमिनियमची हलकी भांडी. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांनी २०२० साली काढलेल्या अंदाजात भारतातल्या सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे असावे, असे म्हटले आहे. हा अंदाज आहे, कारण प्रत्यक्ष मोजणी तुरळक आहे.

ती करता येत नाही, असे नाही. १९९८-९९ च्या दुसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मुंबई आणि दिल्लीतल्या तीन वर्षांखालच्या हजारभर मुलांचे बोट टोचून, हातात मावणाऱ्या यंत्राने शिसे मोजले गेले होते. त्यातल्या ७६ टक्के मुलांत ते ५ ते २० मायक्रोग्रॅमच्या दरम्यान निघाले. पेट्रोलमधले शिसे त्यानंतर लगेचच बंद झाले, तेव्हा पुढच्या फेरीत तीच चाचणी पुन्हा केली असती तर मुंबईच्या मुलांच्या रक्तात किती फरक पडला, हे आकड्यात सांगता आले असते. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या सर्वेक्षणातही मुलांची बोटे टोचली गेली, हिमोग्लोबिन मोजले गेले, पण शिसे मोजले गेले नाही. अंगणवाडीत वजन घेतात, दंडाचा घेर मोजतात, तिथेच बोटातल्या रक्ताच्या थेंबात हीही चाचणी बसू शकते, आणि महाराष्ट्राने ती सुरू करण्यासाठी कोणाच्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही.